राघोजींची फिरंग आणि जुन्या तलवारीची पारख

29 एप्रिल 2025 रोजी लंडनमध्ये सोदबीजच्या लिलावात एक तलवार विक्रीला निघाली. पाते सरळ आणि एकधारी, मूठ मुल्हेरी घाटाची, तिच्यावर सोन्याचे कोफ्तगिरी काम. पात्याच्या पाठीवर मुठीच्या बाजूला देवनागरी अक्षरे होती : ‘श्रीमंत राघोजी भोसले सेनासाहिब सुभा फिरंग’. महाराष्ट्र सरकारने मध्यस्थामार्फत बोली लावून ती घेतली. वाहतूक, विमा आणि इतर खर्च धरून 47 लाख 15 हजार रुपये लागले, आणि ऑगस्टमध्ये तलवार मुंबईत पोचली.

नागपूरजवळच्या रामटेकला या नावाची ओळख करून द्यावी लागत नाही. गडमंदिराच्या जीर्णोद्धाराचे श्रेय परंपरा नागपूरच्या भोसल्यांतल्या पहिल्या रघूजींनाच देते (राघोजी आणि रघूजी ही एकाच नावाची दोन रूपे). पायथ्यापासून फार दूर नसलेला नगरधनचा किल्ला आज ज्या रूपात उभा आहे, तोही भोसल्यांच्या काळातला. गडाच्या तटाआतल्या एका आवारात तर मराठ्यांचे शस्त्रागारच होते. म्हणजे आज भाविक ज्या वाटेने रामदर्शनाला चढतात, तिथेच एके काळी तलवारी, भाले आणि बंदुका ठेवलेल्या असत. ती हत्यारे पुढे कुठे गेली, याचे उत्तर नागपूरच्या राज्याच्या शेवटात शोधावे लागते.

पहिले रघूजी 1755 साली वारले. त्याआधीच्या दशकात त्यांच्या फौजांनी बंगालवर वारंवार स्वाऱ्या केल्या. 1751 च्या तहात बंगालच्या नवाब अलीवर्दीखानाने ओडिशाचा मुलूख सोडला आणि बंगाल-बिहारच्या चौथाईपोटी वर्षाला 12 लाख रुपये देण्याचे कबूल केले. नागपूरचे राज्य तेव्हा भरात होते. शंभर वर्षांच्या आत चित्र पालटले. नोव्हेंबर 1817 मध्ये सीताबर्डीच्या टेकडीवर इंग्रजांनी अप्पासाहेब भोसल्यांच्या सैन्याला हरवले आणि डिसेंबरात नागपूर शहरही त्यांच्या हाती गेले. डिसेंबर 1853 मध्ये तिसरे रघूजी औरस वारसाशिवाय वारले. पुढच्याच वर्षी गव्हर्नर-जनरल डलहौसीने राज्य खालसा केले. वाड्यातले हत्ती, घोडे, जवाहीर यांचा लिलाव झाला, दागिने तर विकायला कलकत्त्याला नेले. ज्यांच्या पूर्वजांनी बंगालकडून चौथाई घेतली, त्यांच्याच घरातले दागिने बंगालच्या राजधानीत बोलीवर चढले. हे वाचताना आजही मन कळवळते. राघोजींची तलवार 1817 च्या लुटीत गेली असावी किंवा कुणा इंग्रज अंमलदाराला नजराणा म्हणून दिली गेली असावी, असे दोन तर्क आहेत.

जुनी तलवार विकत घ्यायला निघालेल्या नव्या संग्राहकाने या एका वस्तूचा नीट अभ्यास केला, तरी त्याला बरेच काही कळेल. सुरुवात लेखापासून करावी. मराठ्यांच्या लढाऊ तलवारींवर मालकाचे नाव सहसा मिळत नाही, म्हणून हा लेख मोलाचा. पण नागपूरच्या गादीवर राघोजी नावाचे तीन पुरुष होऊन गेले आणि सेनासाहेबसुभा हा किताब घराण्यात पुढेही चालला. नुसत्या नावावरून काळ ठरत नाही, तो ठरवायला मुठीचा घाट, पाते आणि कारागिरी एकत्र पाहावी लागतात. बाजारात ‘अमक्या सरदाराची’ म्हणून तलवार दाखवली जाते, तेव्हा अक्षरांइतकेच बारकाईने लोखंड पाहिले पाहिजे.

मग पाते. फिरंग म्हणजे युरोपात घडलेले पाते. सोलिंगेन, पासाऊ, जिनोआ इथली पाती पोर्तुगीज आणि इतर व्यापाऱ्यांकडून पश्चिम किनाऱ्यावर उतरत आणि इथले कारागीर त्यांना देशी मूठ चढवीत. पासाऊच्या लोहारांची खूण धावता लांडगा, ती सोलिंगेनवाल्यांनी उचलली. जिनोआची दातेरी चंद्रकोर तर आपल्याकडच्या लोहारांनीही सर्रास उमटवली. त्यामुळे परदेशी छाप दिसला म्हणजे पाते परदेशी, हे खरे नाही.

सगळ्यात जास्त फसगत होते ती पाते आणि मूठ यांच्या जोडीत. जपानी तलवारीचे पाते मुठीत बांबूच्या खिळीने अडकवलेले असते. खिळी काढली की मूठ सुटते आणि आतला दांडा उघडा पडतो. घडवणाऱ्याने सही केली असेल तर ती त्यावरच असते. दांड्यावरचा गंज, कानशीच्या खुणा, भोकांची संख्या यांवरून जाणकार वय सांगतो, म्हणून तिथे दांड्याचा गंज कुणी घासत नाही. आपल्या तलवारीचा दांडा मुठीत राळ-लाखेने पक्का बसवलेला असतो. लाख तापवली की पाते सुटते आणि दुसरे बसवता येते. जुन्या काळी हे रीतसर चाले, कारण लढाईत पाते मोडे आणि मूठ शाबूत राही. पण त्यामुळे अठराव्या शतकातली मूठ आणि विसाव्या शतकातले पाते यांची जोडी जमवणेही तितकेच सोपे झाले. परज आणि पाते जिथे मिळतात तिथली लाख ताजी, चकचकीत दिसली तर थांबून प्रश्न विचारलेच पाहिजेत.

हाताने घडवलेले पाते मुठीशी जाड आणि टोकाकडे बारीक होत जाते, म्हणून ते हातात हलके वाटते. राजस्थानात आजही शोभेच्या तलवारी बनतात. त्यांतली पत्र्यातून कापलेली पाती सगळीकडे सारख्याच जाडीची असतात. जुन्या मुठी बहुतेक लोखंडी. पितळेची ओतीव मूठ आणि तिच्यावर साच्याची शिवण दिसली तर ती अलीकडचीच समजावी. सोन्याच्या कामासाठी भिंग जवळ ठेवावे. कोफ्तगिरीत आधी लोखंडावर बारीक आडव्या-उभ्या रेघा ओढतात आणि सोन्याची तार त्यांत ठोकून बसवतात. सोने झिजलेल्या जागी त्या रेघा उघड्या पडतात. नुसता मुलामा झिजला तर खाली गुळगुळीत धातू दिसतो. फौलादाच्या जौहराची, म्हणजे पात्यावरच्या अंगच्या नागमोडी नक्षीची, नक्कल आम्लाने करतात. ती फक्त वरच्या थरात असते, घासली की जाते.

वस्तूसोबत येणारा कागदही तितकाच तपासावा. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखे 2024 मध्ये साताऱ्याला आणि पुढे नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात आली. त्यांच्या पेटीवरच्या लेखात शिवाजी महाराज आणि ब्रिटिश अधिकारी ग्रँट डफ यांची नावे आहेत. तरीही अफजलखानावर चालवलेली हीच ती वाघनखे याची खात्री देता येत नाही, असे ते संग्रहालय स्वतः सांगते. इतके मोठे संग्रहालय एवढी काळजी घेते, तर दुकानदाराने तोंडी सांगितलेल्या वंशावळीवर पैसे का मोजायचे?

कायद्याची बाजूही खरेदीआधीच समजून घ्यावी. 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांपेक्षा जुनी तलवार पुरावशेष ठरते. अशा वस्तूंचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो, आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पाते धारदार शस्त्रांत मोडते. म्हणून विक्रेत्याचा परवाना आधी पाहावा, पावतीवर तलवारीचे पूर्ण वर्णन आणि मापे लिहून घ्यावीत, आणि घरी ठेवण्याबाबत स्थानिक पोलीस ठाण्यात विचारावे.

रामटेक परिसरातल्या होतकरू संग्राहकाने पहिली खरेदी करण्याआधी नागपूरचा अजब बंगला, म्हणजेच वर आलेले मध्यवर्ती संग्रहालय, वारंवार पाहावा. 1863 साली स्थापन झालेल्या या संग्रहालयाच्या शस्त्रदालनात परज, मूठ आणि पाते कुठे, कसे जुळतात हे निवांत न्याहाळता येते.