आगगाडीची माया आणि लोकलचा हिशेब

२०१६ मध्ये रेल्वेच्या तिकिटांवर एक नवे वाक्य छापले जाऊ लागले. प्रवासावर जो खर्च होतो, त्यापैकी सरासरी अवघे ५७ टक्के रेल्वेला भाड्यातून परत मिळतात, असा त्याचा आशय होता. उरलेले ४३ टक्के देशातील सामान्य नागरिक सोसतो, हेही त्याच सुमारास प्रवाशांना ऐकवले गेले. तिकीट म्हणजे वास्तविक एक छोटेसे करारपत्र. दाम मोजले, प्रवास झाला, व्यवहार संपला. या वाक्यामुळे मात्र पूर्ण दाम मोजणारा प्रवासीही ऋणको ठरला. साहित्याच्या अभ्यासकांनी हा मजकूर एखाद्या उताऱ्यासारखा वाचावा, असे आम्हांला वाटते. यात बोलणारा कोण, ऐकणारा कोण, आणि जे सांगितलेले नाही ते काय?

दुसरीकडे, रेल्वेविषयीचे आपले प्रेम मात्र हिशेबाच्या पलीकडले आहे. ते प्रेम आहे वाफेच्या इंजिनावर. मराठीत 'आगगाडी', 'आगीनगाडी' हे शब्द विस्तव आणि धूर पाहून घडले. लोखंडी रुळांच्या वाटेला 'लोखंडी सडक' म्हटले गेले. बालगीतांतली गाडी आजही धूर सोडते आणि मामाच्या गावी जाते. मुंबईची उपनगरी गाडी मात्र 'लोकल'च राहिली. तिच्यासाठी मराठीने नवा शब्द घडवला नाही आणि अंगाईही रचली नाही. आगगाडी सुट्टीची, लोकल कामाची. या विभागणीमागे जो आर्थिक इतिहास आहे, तो तपासण्याचा येथे प्रयत्न आहे.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याकडे पहिली प्रवासी गाडी निघाली. चौदा डबे, सुमारे चारशे निमंत्रित, एकवीस तोफांची सलामी आणि 'साहिब', 'सिंध', 'सुलतान' ही तीन इंजिने, हे सारे आपल्याला शालेय पुस्तकांपासून पाठ असते. या गाडीमागचा करार मात्र सहसा कोणाला आठवत नाही. ईस्ट इंडिया कंपनीने १८४९ मध्ये 'ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे'शी केलेल्या करारानुसार भागधारकांच्या भांडवलावर पाच टक्के परताव्याची हमी होती. जमीन सरकारने फुकट द्यायची आणि उत्पन्न कमी पडले तर तूट हिंदुस्थानच्या महसुलातून भरून द्यायची. म्हणजे भांडवल इंग्लंडचे, नफा इंग्लंडचा आणि धोका येथल्या रयतेचा.

अशा हमीमुळे काटकसरीचे कारणच उरले नाही. हिंदुस्थानचे माजी अर्थसदस्य विल्यम मॅसी यांनी १८७२ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे साक्ष देताना हेच सांगितले. परताव्याची शाश्वती असल्यावर आपला पैसा योग्य कामी लागतो की वाया जातो, याची फिकीर भांडवलदाराला कशाला असेल, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. एकोणिसावे शतक संपत येईपर्यंत भारतातील रेल्वे सरकारी तिजोरीला एकंदरीत तोट्याचीच होती. दादाभाई नौरोजी आणि गणेश व्यंकटेश जोशी यांच्यासारख्या अर्थचिंतकांनी रेल्वेवर टीका केली ती यंत्राच्या द्वेषापोटी नव्हे. हा खर्च कोणाच्या नावे पडतो आणि लाभ कोणाच्या नावे जमा होतो, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

खर्चाची आणखी एक बाजू कोणत्याच वहीत नीट उतरली नाही. बोरघाटाचा मार्ग १८६३ मध्ये खुला झाला. पंचवीस बोगदे आणि दर सदतीस फुटांना एक फूट असा चढ, हे स्थापत्यशास्त्राचे मोठे यश होतेच. पण कामाच्या भरात तेथे चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते, आणि कॉलऱ्याने, तापाने, सुरुंगांच्या अपघातांनी त्यांतले हजारो दगावले. मजुरी थकल्यामुळे १८५९ मध्ये तेथे दंगाही झाला. घाटातून धापा टाकत चढणाऱ्या इंजिनाच्या आठवणीत आपण रमतो, तेव्हा त्या चढाची ही किंमत आपल्यासमोर नसते.

तो भव्य आरंभ ज्यांनी ओढून नेला, त्या इंजिनांचे पुढे काय झाले? इंग्लंडच्या व्हल्कन फौंड्रीत घडलेल्या त्या पहिल्या तुकडीतले एकही इंजिन आज कोणत्याही संग्रहालयात नाही. कामास येईनासे झाल्यावर त्यांचे मोल फक्त मोडीचे होते. वापरातल्या यंत्रावर कोणी माया करत नाही. ती माया यंत्र निवृत्त झाल्यावर सुरू होते. वाफेच्या इंजिनाविषयीच्या साऱ्या जिव्हाळ्याचे मूळ याच उशिरात आहे, असे आमचे मत आहे.

मुंबईने तर वाफेला फार लवकर निरोप दिला. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या हार्बर मार्गावर देशातील पहिली विजेवरची गाडी धावली. १९२८ मध्ये पश्चिमेकडील कुलाबा–बोरिवली मार्गावरही वीज आली. यामागे हौस नव्हती, गणित होते. वाफेचे इंजिन जाळलेल्या कोळशाच्या उष्णतेपैकी दहावा हिस्साही कामी लावत नसे. त्याला वेग पकडायला वेळ लागे, पाणी भरावे लागे, आणि शेवटच्या स्थानकात इंजिन सोडवून दुसऱ्या टोकाला आणून जोडावे लागे. दर दोन-तीन किलोमीटरांवर थांबणाऱ्या गाडीला हे परवडणारे नव्हते. विजेच्या गाडीला दोन्ही टोकांस चालकाची खोली. आली तशीच परत फिरते. आज अवघ्या काही मिनिटांच्या अंतराने लोकल सुटते, ती याच सोयीमुळे.

या सोयीला जोड मिळाली ती पासाची. दुसऱ्या वर्गाच्या महिन्याच्या पासाची किंमत साधारण पंधरा एकेरी प्रवासांच्या भाड्याएवढी धरली जाते. म्हणजे आठवड्याभराच्या जाण्या-येण्याच्या पैशांत महिनाभर प्रवास. रेल्वेच्या दृष्टीने हा उघड तोटा. जून २०१४ मध्ये हा हिशेब पंधराऐवजी तीस प्रवासांवर नेण्याची घोषणा झाली. पास जवळजवळ दुपटीने महागणार हे दिसताच मुंबईत संताप उसळला आणि काही दिवसांतच उपनगरी दुसऱ्या वर्गापुरती ती वाढ मागे घ्यावी लागली. त्या वेळी वर्तमानपत्रांतून फुकटेपणाची चर्चा झाली. परंतु स्वस्त पासाचा खरा लाभार्थी कोण, हे फारसे कोणी विचारले नाही.

आमच्या समजुतीप्रमाणे उत्तर असे आहे. मुंबईत घर परवडत नाही म्हणून कारकून, परिचारिका, शिपाई, शिक्षक बदलापूर, टिटवाळा, विरारला राहतात. पास स्वस्त असल्यामुळेच ते बेताच्या पगारावर शहरात कामाला येऊ शकतात. म्हणजे पासातली सवलत प्रवाशाच्या हातात येते आणि कमी पगाराच्या रूपाने मालकाकडे जाते, वाढत्या किमतीच्या रूपाने जमीनधारकाकडे जाते. रेल्वेच्या वहीत जो तोटा दिसतो, तो शहराच्या वहीत नफा म्हणून नोंदलेला असतो. फरक इतकाच की ही दुसरी वही कोणी तिकिटावर छापत नाही. १८४९ च्या हमीत तूट रयतेची होती आणि लाभ लंडनचा. तेव्हा तिला 'भांडवलाचे संरक्षण' म्हणत. आजच्या तुटीला 'प्रवाशावरचे उपकार' म्हणतात. तूट कोणाची, यापेक्षा तिला नाव कोण देतो हे अधिक निर्णायक ठरते.

शिवाय प्रवासी आपला वाटा पैशांव्यतिरिक्त इतर प्रकारेही भरतो. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर रूळ ओलांडताना आणि गाडीतून पडून वर्षाला दोन हजारांहून अधिक माणसे मरत आली आहेत. २९ सप्टेंबर २०१७ रोजी तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत २३ जण गेले. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ भरलेल्या लोकलमधून पडून प्रवाशांचा जीव गेला. रुंद पूल आणि पुरेशा गाड्या यांवर जो पैसा वेळेवर खर्च झाला नाही, तो वाचला असे म्हणता येत नाही. त्याची भरपाई निराळ्या चलनात होत राहिली.

आता वाफेकडे परत येऊ. ६ डिसेंबर १९९५ रोजी ब्रॉडगेजवरील वाफेची नियमित वाहतूक जालंधर–फिरोजपूर मार्गावर संपली. दोनच वर्षांत, १९९७ मध्ये, १८५५ साली बांधलेले 'फेअरी क्वीन' हे इंजिन दुरुस्त होऊन दिल्ली–अलवर या पर्यटनगाडीला जोडले गेले. इंग्लंडातही क्रम असाच होता. तेथे १९६३ च्या बीचिंग अहवालाने खर्चाच्या कारणावरून अनेक लहान मार्ग बंद करण्याची शिफारस केली, आणि ११ ऑगस्ट १९६८ रोजी मुख्य मार्गांवरील वाफेची शेवटची गाडी निघाली, तेव्हा तिचे तिकीट होते पंधरा गिनी. त्या काळी ही रक्कम जबर होती. रोजची गाडी परवडत नाही म्हणून बंद होते, आणि निरोपाच्या गाडीला वाटेल ते दाम मिळते. तरीही एक गोष्ट तिथल्या हौशी मंडळींच्या बाजूने सांगितली पाहिजे. १९५१ पासून वेल्समधील टॅलिलिन रेल्वे त्यांनी स्वतः अंगमेहनत करून आणि पदरमोड करून चालती ठेवली. त्यांच्या प्रेमात हिशेब होता आणि तो ते स्वतः चुकवत होते.

आपल्याकडे मात्र मायेने भलतेच रूप घेतले आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये अहमदाबाद–एकतानगर मार्गावर एक 'वारसा' गाडी सुरू झाली. तिचे इंजिन विजेचे, फक्त बाह्यरूप वाफेच्या इंजिनाचे. कोळसा नाही, भट्टीपुढे भाजणारा फायरमन नाही. आहे ते फक्त सोंग. भूतकाळाची प्रतिमा हवी पण त्याचे ओझे नको, ही वृत्ती याहून स्पष्ट कुठे दिसणार?

जुन्या इंजिनांचे जतन होऊ नये, असे आम्ही म्हणत नाही. ती जपावीत, चालवावीत, मुलांना दाखवावीत. पण त्यांच्या शेजारी १८४९ चा करार आणि बोरघाटच्या मजुरांची कहाणीही ठेवावी. आणि जमलेच तर दुसऱ्या वर्गाचा एक मासिक पासही. वाफेच्या इंजिनाला 'वारसा' आणि लोकलच्या प्रवाशाला 'तोटा' म्हणणारी भाषा एकच आहे. शब्दांचा अभ्यास करणाऱ्यांनी तरी ती निमूटपणे स्वीकारू नये.