अब्रू म्हणजे पाणी

गेल्या महिन्यात रात्रपाळीला जॉबर सगळ्यांदेखत मला बोलला, ‘तुमा लोकांना कसली रं अब्रू?’ भांडण साधं, बॉबिनच्या पेटीवरून. मी गप बसलो. पण शब्द रुतला. सुट्टीला वाचनालयात जाऊन कोश उघडला.

दोस्तांनो, शब्द फारसी आहे. आब म्हणजे पाणी, रू म्हणजे चेहरा. आबरू – तोंडावरचं पाणी, तेज. सुलतानी दफ्तरांतून मराठीत आला नि घरातलाच झाला. त्याला मात्र कुणी बाटलेला म्हणत नाही! मग अब्रूदार घराणी झाली, कोर्टात अब्रूनुकसानीचे दावे झाले. अन् ज्यांना पाणवठ्यावर जायचीच बंदी, त्यांच्या तोंडावर पाणी कुठून येणार?

१९२३ साली मुंबई कौन्सिलात सी. के. बोल्यांचा ठराव झाला – सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. १९२४ ला महाड नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केलं. कागदावर. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारोंना घेऊन गेले, ओंजळभर प्याले. परतणाऱ्या आपल्या माणसांवर लाठ्या पडल्या. तळं मात्र १०८ घागरींनी शुद्ध केलं, पंचगव्य ओतून. शेण-गोमूत्र चाललं, आपली ओंजळ नाही. पुढं कोर्टबाजी. १७ मार्च १९३७ ला हायकोर्टानं अपील फेटाळलं. बंदीची रूढी पूर्वापार आहे हे सवर्णांना सिद्धच करता आलं नाही. त्याच डिसेंबर १९२७ च्या परिषदेत बाबासाहेब बोलले होते की तळ्यावर जायचं ते काही नुसतं पाणी प्यायला नाही, आम्हीही माणसं आहोत हे ठरवायला.

आता गिरणी. जॉबरला हे ठाऊक नसावं. मुंबईच्या गिरण्यांत साचेखात्यात पगार जास्त होता, पण तिथं आपल्याला मज्जाव होता. कारण? कांडी संपली की नवा धागा धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढावा लागायचा. धाग्याला थुंकी लागायची. म्हणून आपली माणसं रिंगखात्यात असायची, कमी पैशात. युनियनच्या सभेत सगळे ‘कामगार भाई’, धोट्यापाशी मात्र जात आडवी यायची! १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढं ठेवला, तेव्हा त्यांनी तो नाखुशीनंच घेतला.

तोंडावरचं पाणी ती अब्रू, तोंडातलं पाणी तो विटाळ. अन् हिशेब कुणाचा? त्यांचाच.

हे सगळं जॉबरला सांगायचंय. या आठवड्यात त्याची पाळी वेगळी पडलीय.