विस्तार घ्यावा की नाही? चांद्याच्या दोन लढायांवरून एक कसोटी



आजचा विषय वाचून काही ज्येष्ठ मंडळींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. युद्धाचे खेळ, संगणकावरचे आणि पटावरचे, आणि मागाहून विकायला येणारे त्यांचे विस्तार. पोरं त्याला एक्सपान्शन म्हणतात. यात इतिहासाचं काय काम? पण प्रश्न पोरांचा असला तरी पोरकट नाही. मूळ खेळ घरात आहे, तो हातात बसला आहे. आता कंपनी म्हणते, आणखी पैसे टाका, नवे देश देतो, नवं सैन्य देतो, नवे नकाशे देतो. घ्यावं का? म्हणजेच, खरोखर नवं काय मिळतंय ते ओळखायचं कसं? मी याचं उत्तर आपल्याच जिल्ह्यातल्या दोन प्रसंगांवरून शोधणार आहे. एक १८१८ चा, दुसरा १८५८ चा.

आधी थोडं खेळाबद्दल. पटावरचं युद्ध आपल्याला नवं नाही. चतुरंग म्हणजे हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ. पण बुद्धिबळाचा पट सपाट. त्यात नदी नाही, चिखल नाही, रात्र नाही. प्रशियाच्या सैन्यातल्या राइसवित्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्यानं वडिलांची कल्पना पुढे नेऊन १८२४ साली ‘क्रीगश्पील’ छापलं. खऱ्यासारखा नकाशा, त्यावर पलटणींचे ठोकळे, मध्ये पंच, आणि शत्रू जेवढा दिसायला हवा तेवढाच दिसणार. प्रशियाच्या सैन्यानं ते अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी घेतलं. आजचे बहुतेक युद्धखेळ त्याचेच नातू-पणतू. आता या घराण्यात जंगल म्हणजे काय असतं? बहुधा एवढंच, की चाल कमी आणि आडोसा जास्त. हिरवा रंग आणि एक आकडा. हे लक्षात ठेवा, आपल्याला पुढे लागणार आहे.

आता १८१८. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीची लढाई झाली आणि नागपूरकर आप्पासाहेब भोसल्यांचा डाव उधळला. पण चांदा अजून भोसल्यांच्या शिबंदीकडे होता. गोंडराजांनी बांधलेला परकोट, जटपुरा, बिनबा, अचलेश्वर आणि पठाणपुरा असे चार दरवाजे, इरई आणि झरपट या नद्यांचा शेजार. मे महिन्यात, चांद्याच्या त्या मे महिन्यात बरं का, कर्नल अॅडम्सची फौज तटाखाली आली. तोफा लागल्या, तटाला खिंडार पडलं, आणि २० मे रोजी हल्ला होऊन शहर पडलं.

ही लढाई कोणत्याही बऱ्या युद्धखेळात बसते. तटाची ताकद, तोफांचा मारा, आतली शिबंदी, बाहेरची रसद. आकडे घाला, फासे टाका. इतिहासात शहर पडलं, तुमच्या पटावर कदाचित आणखी आठ दिवस तग धरेल. यासाठी कंपनीनं ‘चांद्याचा वेढा’ असा विस्तार काढला तर तुम्हाला काय मिळेल? एक देखणा परकोट, वेगळ्या पागोट्याचे शिपाई, आणि नवं नाव. निर्णय तेच, जे तुम्ही मूळ खेळातल्या दहा किल्ल्यांखाली आधीच घेतलेत.

आता चाळीस वर्षं पुढे या. नागपूरचं राज्य खालसा झालेलं, चांद्याला इंग्रज डेप्युटी कमिशनर, कॅप्टन क्रिक्टन. आणि दक्षिणेला मोलमपल्लीच्या जमीनदार घराण्यातले बाबुराव शेडमाके, वय पंचविशीच्या आसपास. मार्च १८५८ मध्ये त्यांनी राजगड परगणा ताब्यात घेतला. पाठोपाठ नांदगाव-घोसरीला सरकारी तुकडीशी झुंज झाली. मग ते गढीसुर्ल्याच्या डोंगराकडे सरकले. अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. २९ एप्रिलला प्राणहितेच्या काठी चिंचगुंडी इथे तारखात्याच्या छावणीवर छापा पडला. गार्टलँड आणि हॉल हे दोघे मारले गेले, पीटर नावाचा तिसरा निसटला.

इथे वेढा कुठे आहे? खिंडार कुठे पाडणार? क्रिक्टनकडे बंदुका होत्या, पण समोर तट नव्हता. जंगलाचं एकच झाड क्रिक्टनचा दिवस खातं आणि बाबुरावांना दिवस मिळवून देतं. म्हणजे ‘जंगलात चाल कमी’ हा नियम इथे अर्धाच खरा. कोणाची चाल कमी, हा खरा प्रश्न. आणि शेवट कशानं झाला? तोफेनं नाही. अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्यावर सरकारचा दाब आला आणि त्यांच्या हस्ते १८ सप्टेंबरला बाबुराव पकडले गेले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याला त्यांना फाशी दिली. व्यंकटराव बस्तरकडे निघून गेले, तेही पुढे पकडले गेले. या लढ्याचं पारडं फिरवलं ते एका जमीनदारिणीच्या निर्णयानं. तिला दोष देणं किंवा तिची वकिली करणं हे आजचं काम नाही. मुद्दा असा, की जो खेळ लक्ष्मीबाईंना निर्णय घेऊ देत नाही, त्याच्यात १८५८ मावतच नाही. मग नकाशावर अहेरी कितीही सुंदर रंगवा.

आमच्या तत्त्वज्ञानात एक भेद आहे, जॉन सर्ल या विचारवंतानं तो नीट मांडला. काही नियम आधीपासून चालू असलेल्या गोष्टीला शिस्त लावतात. रस्त्यानं डाव्या बाजूनं चला, हा तसला. चालणं नियमाच्या आधीही होतं. पण काही नियम ती गोष्टच निर्माण करतात. राजाला शह बसला आणि सुटका नाही म्हणजे मात, हा नियम काढा, बुद्धिबळच उरत नाही. विस्तार विकत घेताना विचारायचं ते हे: यानं दुसऱ्या जातीचा एक तरी नियम आणलाय का? की जुन्याच नियमांना नवे कपडे शिवलेत? सैन्याचे प्रकार मोजू नका. क्रियापदं मोजा. मला काल जे करता येत नव्हतं, असं आज काय करता येतं?

ही कसोटी तीन खऱ्या उदाहरणांना लावून बघू.

२००७ साली ‘एज ऑफ एम्पायर्स ३’चा ‘एशियन डायनॅस्टीज’ हा विस्तार आला. चिनी, जपानी आणि हिंदी, असे तीन नवे पक्ष. १८५७ च्या उठावावरची मोहीमसुद्धा त्यात आहे. हत्ती, चारमिनार, ताजमहाल, सगळा थाट. तो बाजूला ठेवा. एक लहान नियम बघा. मूळ खेळात बहुतेक पक्षांना वसाहतीत नवा कामकरी आणायला अन्न लागतं. हिंदी पक्षाला लाकूड लागतं. ऐकायला किरकोळ, पण घर बांधायचं की माणूस आणायचा, हा पेच पहिल्या मिनिटापासून सुरू. सगळा डाव फिरतो. खेळ म्हणून हा खरा विस्तार. पण तोच नियम गडचिरोलीत बसून वाचा. झाड म्हणजे तोडायचा साठा, तोडला, संपला. आल्लापल्लीच्या सागाकडे सरकारी हिशेबवहीनं पुष्कळ काळ याच नजरेनं पाहिलं. मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तेव्हा त्याच जंगलाला तिसरा अर्थ आला. ना साठा, ना आडोसा, तर गावाचा अधिकार. अशी नजर या विस्तारात शोधायला जाऊ नका. पैसे वसूल होतील, पण खेळाचे. इतिहासाचे नाहीत.

दुसरं उदाहरण ‘एम्पायर: टोटल वॉर’. २००९ चा खेळ. त्यात मराठे घेऊन खेळता येतं, म्हणून आपल्याकडे लाडका. त्याच वर्षी त्याचा ‘वॉरपाथ’ हा विस्तार आला. उत्तर अमेरिकेतले मूळनिवासी, इरोक्वॉय, ह्युरॉन, चेरोकी वगैरे पाच पक्ष, खेळायला मोकळे झाले. ही गोष्ट लहान नाही. एरवी जो दुसऱ्याच्या नकाशावर अडथळा असतो, त्याच्या बाजूला जाऊन बसायला मिळणं याला किंमत आहे. आपल्याकडचं एखादं गोंड पोरगं पडद्यावर स्वतःची बाजू शोधतं, तेव्हा ते हेच मागत असतं. पण खुर्ची बदलली तरी जिंकणं म्हणजे काय, ते बदललं नाही. प्रदेश घ्या, राखा, वाढवा. जंगलातल्या माणसाला साम्राज्याची भूक लावून दिली. अर्धे गुण.

तिसरं उदाहरण पटावरचं. जीएमटी या कंपनीची बंडखोरीवरच्या खेळांची एक मालिका आहे. २०१२ च्या ‘अँडियन अॅबिस’पासून ती सुरू झाली, विषय कोलंबिया. चार पक्ष, चौघांच्या जिंकण्याच्या अटी वेगळ्या, आणि लोकांचा पाठिंबा कुणाकडे हा पटावरचाच हिशेब. त्याच मालिकेत २०१९ साली ‘गांधी’ आला. हा विस्तार नव्हे, स्वतंत्र खेळ. पण मालिकेत त्यानं नवं क्रियापद आणलं. शस्त्र न उचलता राज्य खिळखिळं करणारा पक्ष. माझ्या कसोटीवर उतरतो तो असा. लक्ष्मीबाईंना बसायला जागा मिळाली तर ती अशाच पटावर मिळेल.

तरीही एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. १९८२ साली आपला जिल्हा विभागून गडचिरोली वेगळा झाला. त्या जंगलात नक्षलवादी आणि पोलीस यांच्या संघर्षात किती घरांतली माणसं गेली, हे या सभागृहातल्या काहींना पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही. दोन्ही बाजूंना चाली होत्या. मधल्या गावाला चाल नव्हती, त्याच्या वाट्याला फक्त परिणाम आले. रात्री जेवू घातलं म्हणून एकाचा संशय, सकाळी पाणी दिलं म्हणून दुसऱ्याचा. उद्या कुणी या जंगलावर खेळ काढला, तर मी बंदी मागणार नाही. मी त्याची नियमपुस्तिका मागेन आणि एकच पान उघडीन. गाव काय करू शकतं? उत्तर ‘काही नाही’ असेल, तर तो खेळ कितीही अचूक बंदुका दाखवो, तो खोटा आहे. कारण गावांनी पुष्कळ काही केलं. गप्प राहिली, बोलली, स्थलांतर केलं, ग्रामसभा भरवल्या.

तेव्हा घ्यावं का? व्यवहाराचं सांगतो. मूळ खेळ अजून एकाच बाजूनं खेळला असेल, तर थांबा. आधी दुसऱ्या बाजूनं खेळा, तो विस्तार फुकट आहे. पटावरच्या खेळांच्या अनेक कंपन्या नियमपुस्तिका आधीच वाचायला ठेवतात. जाहिरातीतली चित्रं सोडा, ती वाचा. नवं क्रियापद सापडलं, तर थोडे पैसे जास्त गेले तरी चालेल. नुसते नवे किल्ले, नवे गणवेश असतील, तर निम्म्या किमतीतही नको. कारण पैशापेक्षा संध्याकाळी जास्त जातात. आणि आपल्या भागाचं नाव नकाशावर आहे एवढ्यावरून मोहात पडू नका. त्या नावाच्या माणसाला तिथे काय करता येतं, ते आधी बघा.

इथे थांबतो. खेळणारी पोरं बसली आहेत पुढे, त्यांनी आधी प्रश्न विचारावेत.