नाद आणि लिपी : स्लोव्हेन भाषेतील एक वाद

स्लोव्हेन भाषेच्या इतिहासात लिपीचा वाद हा मुळात नादाचाच वाद होता. 1550 मध्ये प्रिमोझ त्रुबारने या भाषेतील पहिली मुद्रित पुस्तके प्रसिद्ध केली. 1584 मध्ये अदाम बोहोरिचने तिचे पहिले व्याकरण रचले. बोहोरिचच्या नावाने ओळखली जाणारी लेखनपद्धती सुमारे अडीच शतके टिकली. परंतु रोमन वर्णमालेत स्वरचिन्हे पाच, तर या भाषेत स्वर आठ. संवृत व विवृत असे दोन 'ए', तसेच दोन 'ओ', आणि आपल्या 'अ'च्या जवळचा एक अस्फुट स्वर यांतील भेद कागदावर उमटत नाही. 'पेस' (कुत्रा) असे लिहिले, तरी तोंडी उच्चार 'पस्' असाच होतो.

ही उणीव दूर करण्यासाठी फ्रान्त्स मेटेल्कोने 1825 च्या आपल्या व्याकरणात नवी अक्षरे योजिली. प्रत्येक ध्वनीस स्वतंत्र चिन्ह असावे, हे त्याचे तत्त्व होते आणि येर्नेई कोपितारसारख्या पंडिताचा त्यास पाठिंबा होता. उलट मातिया चोपने 1833 मध्ये या लिपीवर जर्मनमधून प्रखर टीका केली. त्याचा मित्र कवी फ्रान्त्से प्रेशेरेन यानेही तिची सुनीतातून थट्टा केली. त्याच वर्षी ही लिपी शाळांतून काढून टाकण्यात आली. पुढे 1840 नंतरच्या दशकात क्रोएशियन वळणाची लिपी रूढ झाली. पण स्वरचिन्हे पाचच राहिली.

मेटेल्कोचे तत्त्व शास्त्रदृष्ट्या चुकीचे नव्हते, हे मान्य केले पाहिजे. तथापि स्वरभेदाचे रक्षण अक्षरांनी केले नाही, तरी ते कानाला करता येते. याची साक्ष प्रेशेरेनच्या 1834 मधील 'सुनीतमाले'त मिळते. चौदा सुनीतांपैकी प्रत्येकाची अखेरची ओळ पुढील सुनीताची पहिली ओळ होते. चौदाव्याची अखेर पहिल्याच्या आरंभास मिळते. आणि या आरंभीच्या चौदा ओळींतून पंधरावे सुनीत सिद्ध होते. म्हणजे अशी प्रत्येक ओळ तीनदा कानी पडते, आणि दर वेळी तिचा संदर्भ पालटलेला असतो. या भाषेतील आघाताचे स्थान शब्दागणिक बदलते व लेखनात तो दर्शविला जात नाही. वृत्ताची गती मात्र त्याचे स्थान सुचविते. लिपीने जे मौन पाळले, ते छंदाने बोलून दाखविले. लेखनसुधारणेचा वाद चोपने जिंकला. पण भाषेचा नाद लोकांच्या कानी टिकविण्याचे कार्य त्याच्या मित्राच्या कवितेने केले.