लातूरच्या गाडीचे इंजिन

श्रोतेहो, जड कामाच्या यंत्रास बाजारातील तयार मोटर पुरत नाही. ती कामाच्या मापाने घडवून घ्यावी लागते. वाफेच्या इंजिनासही हाच नियम होता. आम्हा लातूरकरांच्या घरचाच दाखला सांगतो.

1897 साली एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, येथून बार्शीपर्यंत अडीच फुटी लोहमार्ग सुरू केला. खर्च वाचावा म्हणून रूळ हलके घातले. अशा रुळांवर एका आसाचा भार 5 टनांपलीकडे जाऊ द्यावयाचा नाही, असे त्याने ठरविले. मग मालाने भरलेली गाडी ओढावी कशी? इंजिन हलके, तर चाके जागीच घसरणार; जड, तर रूळ वाकणार. तेव्हा लीड्सच्या किटसन कारखान्याकडून निराळीच इंजिने करवून घेतली. आठ लहान चाके दांड्यांनी एकमेकांस जोडलेली, भार चार आसांवर सारखा वाटलेला. वेग बेताचा, ओढ मात्र दांडगी. वेगाचा मोह सोडला, यातच मला त्याचे शहाणपण दिसते.

1911 साली ही गाडी निजामाच्या राज्यातील लातूरच्या पेठेत पोचली. 1954 साली ती सरकारने घेतली. पुढे अरुंद रूळ जाऊन रुंद आले. लातुरात आता रेल्वेचे डबे बांधण्याचा कारखाना आहे. 2020 च्या डिसेंबरात तेथून पहिला सांगाडा बाहेर पडला. वंदे भारत गाडीस तर पुढे निराळे इंजिनच नसते; डब्यांखालच्या मोटरी आस फिरवितात, आणि ओढ पुष्कळ चाकांवर वाटली जाते.