जुना डीएसएलआर की नवा मिररलेस? पहिला कॅमेरा घेण्याआधी हे समजून घ्या

ओळखीतल्या कुणीतरी डीएसएलआर विकायला काढलाय. सोबत लेन्स, बॅग, मेमरी कार्ड, सगळं आहे. किंमत नव्या मिररलेसपेक्षा बरीच कमी. तेवढ्यात मोबाइलवर एक व्हिडिओ येतो: ‘डीएसएलआर संपला, आता घेऊ नका!’ मग प्रश्न पडतो. जुना घेतला तर पैसे वाया जातील का? आणि जास्त पैसे घालून नवा घेतला तर फोटो खरंच जास्त चांगले येतील का?

पहिल्या कॅमेऱ्यासाठी बहुतेकांकडे पैसे एकदाच खर्च करण्यापुरते असतात. म्हणून नुसती सर्वसाधारण चर्चा न करता आपण एकाच कंपनीचे दोन खरे कॅमेरे समोर ठेवूया. एक कॅनन ईओएस १५००डी, २०१८ मध्ये आलेला डीएसएलआर. दुसरा कॅनन ईओएस आर१००, २०२३ मध्ये आलेला मिररलेस. दोन्ही नवशिक्यांसाठी बनवलेले, दोन्ही २४.१ मेगापिक्सेलचे, दोन्हींत एपीएस-सी आकाराचाच सेन्सर.

थोडक्यात उत्तर

- फक्त फोटो काढायला शिकायचं असेल आणि बजेट कमी असेल, तर चांगल्या स्थितीतला जुना डीएसएलआर आणि सोबत एक चांगली लेन्स पुरेशी आहे.
- हलणारी माणसं, लहान मुलं किंवा व्हिडिओ हे मुख्य काम असेल, तर मिररलेस घ्या.
- स्वतःकडे कॅमेरा वळवून बोलायचं असेल, तर या दोघांपैकी एकही घेऊ नका. कारण पुढे येईलच.

दोघांत नेमका फरक काय?

डीएसएलआरमध्ये सेन्सरच्या पुढे एक आरसा असतो. लेन्समधून आलेला प्रकाश या आरशावर आदळून वर व्ह्यूफाइंडरमध्ये जातो आणि आपल्याला समोरचं दृश्य थेट दिसतं. बटण दाबलं की आरसा वर उचलला जातो आणि प्रकाश सेन्सरवर पडतो. तो ‘खटॅक’ आवाज आरसा आणि शटर यांचा असतो.

मिररलेसमध्ये हा आरसाच नाही. प्रकाश सतत सेन्सरवर पडतो आणि सेन्सरला जे दिसतं तेच छोट्या इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरमध्ये किंवा मागच्या स्क्रीनवर दिसतं. म्हणजे मोबाइलसारखंच. आरशाची जागा वाचल्यामुळे कॅमेरा लहान आणि हलका करता येतो.

| मुद्दा | १५००डी (डीएसएलआर) | आर१०० (मिररलेस) |
|---|---|---|
| वर्ष | २०१८ | २०२३ |
| बॉडीचं वजन (बॅटरी, कार्डसह) | सुमारे ४७५ ग्रॅम | सुमारे ३५६ ग्रॅम |
| फोकस | व्ह्यूफाइंडरमधून ९ बिंदू | १४३ विभाग, चेहरा आणि डोळा ओळखतो |
| सलग फोटो | सेकंदाला ३ | सेकंदाला ६.५ (फोकस बदलत ठेवला तर ३.५) |
| व्हिडिओ | फुल एचडी | फुल एचडी, मर्यादित ४के |
| बाहेरच्या माइकची सोय | नाही | आहे |
| स्क्रीन | स्थिर, टच नाही | स्थिर, टच नाही |

फोटोच्या दर्जात किती फरक पडतो?

अपेक्षेपेक्षा कमी. दोन्ही कॅमेरे ६००० × ४००० पिक्सेलचा फोटो देतात. इन्स्टाग्रामवर उभा फोटो साधारण १०८० × १३५० पिक्सेलचा दिसतो. भरपूर उजेडात काढलेला फोटो मोबाइलच्या स्क्रीनवर पाहून तो कोणत्या कॅमेऱ्याचा हे ओळखणं जवळपास अशक्य आहे.

आर१००चा सेन्सर नव्या पिढीचा आहे. रॉ फाइलमधल्या काळोख्या जागा एडिटिंगमध्ये उजळवल्या की तो थोडा सरस ठरतो. पण इथे एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. आर१००सोबत येणारी १८-४५ मिमी लेन्स एफ/४.५ पासून सुरू होते. १५००डीसोबतची १८-५५ मिमी लेन्स एफ/३.५ पासून सुरू होते. एफचा आकडा जितका लहान, तितका लेन्सचा डोळा मोठा. या हिशेबाने १८ मिमीवर जुनी लेन्स सुमारे १.६ पट जास्त प्रकाश आत घेते. म्हणजे नव्या सेन्सरने कमावलेलं बरंचसं सोबतच्या लेन्सने गमावलं. संध्याकाळी घरात काढलेल्या फोटोत हे जाणवतं.

म्हणून खर्चाचं गणित असं मांडा: बॉडीवर वाचलेले पैसे लेन्सवर घालता येतील का? कॅननची ५० मिमी एफ/१.८ ही स्वस्त लेन्स घ्या. झूम केलेली किट लेन्स एफ/५.६ वर जेवढा प्रकाश घेते, त्याच्या नऊपटीहून जास्त प्रकाश ही लेन्स घेते. पार्श्वभूमी धूसर करून चेहरा उठून दिसणारे फोटो हवे असतील, तर ते या लेन्सने येतात, बॉडी बदलून नाही. १५००डी आणि ही लेन्स असलेला माणूस फक्त किट लेन्सवाल्या आर१००पेक्षा चांगले पोर्ट्रेट काढू शकतो.

मिररलेस खरा पुढे कुठे आहे?

फोकसमध्ये. १५००डीच्या व्ह्यूफाइंडरमध्ये फोकसचे ९ बिंदू चौकटीच्या मध्यभागी एकवटलेले आहेत आणि त्यांतला फक्त मधला बिंदू आडव्या-उभ्या दोन्ही रेषा पकडणारा आहे. माणूस चौकटीच्या कडेला असेल, तर आधी मधल्या बिंदूने फोकस करायचा, मग कॅमेरा सरकवून चौकट जुळवायची. बसलेल्या माणसासाठी हे चालतं. पळणाऱ्या पोरासाठी नाही.

आर१००मध्ये सेन्सरच फोकसचंही काम करतो. तो चौकटीत चेहरा शोधतो, डोळ्यावर फोकस धरतो आणि माणूस हलला तरी शक्य तितका मागोवा घेतो. मात्र ही ओळख माणसांपुरती आहे. कुत्रा, मांजर किंवा पक्षी यांचे डोळे तो शोधत नाही.

आणखी एक तांत्रिक गोष्ट. डीएसएलआरमध्ये फोकस मोजणारा भाग सेन्सरपासून वेगळा असतो. दोघांच्या जुळणीत किंचित फरक असेल, तर डोळ्याऐवजी कान स्पष्ट येतो. एफ/१.८ सारख्या लेन्सवर हे जास्त दिसतं. महागड्या डीएसएलआरमध्ये ही जुळणी मेन्यूतून सुधारता येते, १५००डीत येत नाही. मिररलेसमध्ये मोजणारा आणि फोटो घेणारा सेन्सर एकच असल्याने हा प्रश्न फारसा येत नाही.

दुसरा फायदा शिकणाऱ्यांसाठी. मिररलेसमध्ये उजेड कमी-जास्त केला की परिणाम फोटो काढण्याआधीच व्ह्यूफाइंडरमध्ये दिसतो. डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमध्ये फक्त दृश्य दिसतं. फोटो काळा आला की पांढरा, हे नंतर स्क्रीनवर कळतं. शिवाय १५००डीच्या व्ह्यूफाइंडरमध्ये चौकटीचा ९५ टक्के भागच दिसतो, त्यामुळे न दिसलेली एखादी फांदी फोटोच्या कडेला उगवते.

सलग फोटोंच्या आकड्याला मात्र भुलू नका. सेकंदाला ६.५ हा वेग फोकस एकाच जागी ठेवला तरच मिळतो. समोरचा माणूस धावत असेल आणि फोकस बदलत राहायला हवा असेल, तर वेग ३.५ वर येतो. म्हणजे १५००डीच्या ३ पेक्षा थोडासाच जास्त.

रील्स आणि व्हिडिओसाठी

व्हिडिओसाठी जुना एंट्री-लेव्हल डीएसएलआर घेऊ नये. व्हिडिओ सुरू असताना १५००डी आपणहून फोकस बदलत नाही. बटण अर्धं दाबून फोकस करावा लागतो, तेव्हा चित्र आधी धूसर होतं, मग स्थिरावतं. बाहेरचा माइक लावायची सोय नाही, त्यामुळे आवाज वेगळा रेकॉर्ड करून नंतर जोडावा लागतो.

आर१०० फुल एचडीमध्ये चेहऱ्यावर फोकस नीट धरून ठेवतो आणि त्याला माइक लावता येतो. पण खोक्यावरचा ‘४के’ शब्द वाचून निर्णय घेऊ नका. ४के सुरू केलं की सेन्सरचा फक्त मधला भाग वापरला जातो आणि चित्र सुमारे दीडपट जवळ आल्यासारखं दिसतं. छोट्या खोलीत कॅमेरा भिंतीला टेकवूनही दोन माणसं चौकटीत मावत नाहीत. शिवाय ४केमध्ये त्याची वेगवान फोकस यंत्रणा चालत नाही, जुन्या संथ पद्धतीने फोकस होतो. हा कॅमेरा फुल एचडीचाच समजून घ्यावा.

रील्ससाठी एक उपयोगी हिशेब: आडव्या फुल एचडी व्हिडिओतून उभा तुकडा कापला, तर रुंदी जेमतेम ६०० पिक्सेल उरते आणि चित्र फुटल्यासारखं दिसतं. ट्रायपॉडवर कॅमेराच उभा लावला, तर पूर्ण १०८० × १९२० मिळतं.

आणि आता सुरुवातीचा तिसरा मुद्दा. दोन्ही कॅमेऱ्यांची स्क्रीन मागे घट्ट बसवलेली आहे, फिरत नाही. स्वतःचं शूटिंग करताना आपण चौकटीत आहोत का, हे दिसतच नाही. बोलून व्हिडिओ करणाऱ्यांनी फिरणारी स्क्रीन असलेला कॅमेरा पाहावा. कॅननमध्येच २०२३चा आर५० तसा आहे. तेवढे पैसे नसतील, तर हातातला मोबाइल आणि एक चांगला माइक हा जास्त शहाणपणाचा खर्च आहे.

जुन्या लेन्सचं काय होईल?

आज डीएसएलआरसाठी घेतलेली लेन्स उद्या वाया जाते का? कॅननच्या बाबतीत नाही. कंपनीचा ईएफ माउंट १९८७ पासूनचा आहे. मिररलेससाठीचा आरएफ माउंट २०१८ मध्ये आला. जुन्या ईएफ आणि ईएफ-एस लेन्स कॅननच्या ॲडॅप्टरने आर१००वर लागतात आणि ऑटोफोकसही चालतो. उलटं मात्र होत नाही. आरएफ लेन्स डीएसएलआरवर लागत नाही.

ॲडॅप्टरचं वजन सुमारे ११० ग्रॅम आहे. म्हणजे ३५६ अधिक ११०, एकूण ४६६ ग्रॅम. १५००डीची बॉडी ४७५ ग्रॅमची. हलकेपणासाठी मिररलेस घेऊन जुन्याच लेन्स वापरणार असाल, तर फायदा ९ ग्रॅमचा! स्वतःच्या किट लेन्ससह पाहिलं तर फरक खरा आहे: आर१०० सुमारे ४८६ ग्रॅम, १५००डी सुमारे ६७५ ग्रॅम. गड चढताना हे खांद्याला कळतं.

निकॉनचा डी३५०० (२०१८) मिळत असेल, तर तोही याच वर्गातला चांगला कॅमेरा. एका चार्जमध्ये कंपनीच्या मोजणीनुसार त्यात १५५० फोटो निघतात. १५००डीत हाच आकडा ५०० आहे आणि आर१००मध्ये बॅटरी मोठी असूनही त्याहून कमी, कारण तिथे स्क्रीन किंवा व्ह्यूफाइंडर सतत चालू असतो. मिररलेस घेणाऱ्यांनी दुसऱ्या बॅटरीचे पैसे आधीच बाजूला ठेवावेत.

‘डीएसएलआर संपला’ म्हणजे काय?

जपानी कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या आकडेवारीत २०२० मध्ये मिररलेसची संख्या डीएसएलआरच्या पुढे गेली. नवं संशोधन आणि नव्या लेन्स आता मिररलेसकडेच जातात. पण नवं मॉडेल न येणं वेगळं आणि हातातला कॅमेरा बंद पडणं वेगळं. काढणारे कमी झाले म्हणून जुना कॅमेरा वाईट फोटो काढू लागत नाही. उलट लोक मिररलेसकडे वळतात, तेव्हा त्यांच्या चांगल्या जुन्या लेन्स बाजारात स्वस्तात येतात. दीर्घकाळाची अडचण एवढीच, की वर्षं जातील तसे सुटे भाग मिळणं अवघड होत जाईल. म्हणून जुन्यासाठी नव्याच्या जवळपासची किंमत कधीही देऊ नका.

जुना कॅमेरा घेताना हे तपासा

- बुरशी: लेन्समधून मोबाइलचा टॉर्च मारून पाहा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर लेन्स घेऊ नका. मुंबई, कोकण आणि गोव्याच्या पावसाळी हवेत महिनोन्‌महिने बॅगेत पडून राहिलेल्या लेन्सला हा धोका जास्त असतो. घेतल्यावरही कॅमेरा हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा.
- सेन्सरवरची धूळ: एफ/१६ वर मोकळ्या आकाशाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा. पुसट काळे ठिपके ही धूळ असते, ती साफ होते. ओरखडे साफ होत नाहीत.
- फोकस: भिंतीवर चिकटवलेल्या वर्तमानपत्राचे समोरून फोटो काढा. मग तेच टेबलावर ठेवून तिरक्या कोनातून काढा. ज्या ओळीवर फोकस केला तीच स्पष्ट हवी.
- शटर किती वेळा उघडलं: निकॉनमध्ये हा आकडा फोटोच्या फाइलमध्ये मिळतो. १५००डीच्या फोटोत तो नोंदलेला नसतो. सर्व्हिस सेंटरमध्ये विचारावं लागतं.
- बॅटरी आणि चार्जर: बॅटरी फुगलेली नको, चार्जर मूळ कंपनीचा हवा.
- कागदपत्रं: मूळ बिल मागा आणि कॅमेऱ्याखालचा अनुक्रमांक खोक्यावरच्या क्रमांकाशी जुळवा. चोरीचा माल टाळण्याचा हा सोपा उपाय आहे.

मग तुम्ही काय घ्यावं?

घरगुती व्यवसायाचे पदार्थ, दागिने किंवा साड्या यांचे फोटो काढायचे असतील, तर वस्तू हलत नाही. ट्रायपॉड, खिडकीचा उजेड आणि जुना डीएसएलआर हे काम उत्तम करतात. कॉलेजात छायाचित्रण शिकणाऱ्यांनाही तोच पुरेल, सोबत ५० मिमी लेन्स घ्यावी. घरात लहान मूल असेल, कार्यक्रमांचे फोटो काढायचे असतील किंवा कुणाच्या मुलाखती शूट करायच्या असतील, तर आर१००वर जास्तीचे पैसे घालणं योग्य, कारण निसटलेला फोकस नंतर दुरुस्त करता येत नाही.

कॅमेऱ्यासाठी ठरवलेली सगळी रक्कम बॉडीवर संपवू नका. लेन्स, जास्तीची बॅटरी आणि कार्ड यांचे पैसे आधी वेगळे काढा. उरलेल्या रकमेत जी बॉडी बसेल, ती तुमच्यासाठी योग्य.