भामरागड

गडचिरोली जिल्ह्याच्या पूर्व सीमेवरील तालुका व त्याचे मुख्य ठिकाण. गडचिरोलीपासून अंतर सु. 175 किमी. 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होण्यापूर्वी हा सारा मुलूख चंद्रपुरात मोडत असे. समुद्र येथून शेकडो किमी दूर असला तरी पावसाळ्यात भामरागड दरवर्षी बेट होते, आणि त्याच्या भूगोलाचे मर्म यातच आहे.

पर्लकोटा, पामुलगौतम व इंद्रावती या तीन नद्या गावाजवळ एकत्र येतात. इंद्रावती ओडिशातील कालाहंडीच्या डोंगरांत उगम पावून बस्तरमार्गे येते, पुढे राज्याची सीमा आखत सिरोंचा तालुक्यात सोमनूरजवळ गोदावरीला मिळते. पर्लकोटाही छत्तीसगडातूनच येते. तिकडे तिला कोटरी म्हणतात. त्यामुळे भामरागडात थेंबही पडला नसताना पूर येऊ शकतो. इंद्रावती तुडुंब असली की पर्लकोटेचे पाणी पुढे सरकत नाही. फुगवटा मागे येतो, जुना ठेंगणा पूल बुडतो आणि पाणी बाजारपेठेत शिरते. दुकानदार माल वरच्या फळीवर, मग माळ्यावर चढवतात. 2019 च्या पावसाळ्यात ही धावपळ वारंवार करावी लागली. आलापल्लीकडील रस्त्यावरचे नालेही त्याच वेळी भरलेले असल्याने पूल ओलांडून फारसे काही साधत नाही.

म्हणून येथला कारभार पावसाआधी उरकतो. दुर्गम गावांना चार महिन्यांचे रेशन आगाऊ पोहोचवतात. दिवस भरत आलेल्या बायकांना आरोग्य केंद्राजवळच्या ‘माहेरघरा’त आणून ठेवण्याची सोय आहे. नदीपलीकडच्यांचा भरवसा डोंग्यावर, म्हणजे एकाच खोडातून कोरलेल्या नावेवर.

भूप्रदेश डोंगराळ, साग, बांबू, मोह, तेंदू यांचे दाट वन. 104 चौ. किमी.चे अभयारण्य तालुक्यात आहे. वस्ती मुख्यतः माडिया गोंडांची. त्यांची माडिया बोली द्राविडी कुळातील, मराठीशी तिचे नाते नाही. धान व कोसरी ही पिके; बिनागुंडाकडील डोंगरांवर ‘पेंदा’ ही फिरती शेती चाले. मे महिन्यातील तेंदूपानांचा हंगाम हीच रोख पैशाची मोठी संधी. तरुणांचे गोटुल आणि मृतांच्या स्मरणार्थ रोवलेले उभे दगड अभ्यासकांना परिचित आहेत. मात्र केवळ त्यांवरून माडियांना ‘प्राचीन’ ठरवण्याची घाई करू नये.

तीन-चार किमी.वरील हेमलकसा येथे बाबा आमटे यांनी 23 डिसेंबर 1973 रोजी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. तेथील दवाखाना व आश्रमशाळेच्या कार्यासाठी डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांना 2008 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. नक्षलवादी हिंसेचीही तालुक्याला मोठी झळ पोहोचली. 8 ऑक्टोबर 2009 रोजी लाहेरीजवळच्या चकमकीत 17 पोलीस मारले गेले.

त्रिवेणी संगम पाहायचा असल्यास हिवाळ्यात जावे. जुलै ते सप्टेंबरमध्ये जाणाऱ्याने परतीचा दिवस ठरवू नये.